प्रश्न चौदावा

प्रश्नावली आली तिकडून, थंड देशातून,
जिथे म्हणे संध्याकाळी सहालाच जेवून घेतात.
अंधेरीच्या ऑफिसात दोघांनी तिचं मराठी केलं,
तिसऱ्याने, मूळ न बघता, पुन्हा तिकडच्या भाषेत.
येताना 'स्नॅक' होतं ते जाताना 'भेटवस्तू' झालं,
मधे कुणीतरी 'खाऊ' लिहिलं होतं म्हणून.
कार्व्हालो सर हसले नाहीत.
म्हणाले, पट्टी सगळीकडे एकच हवी,
नाहीतर आपण माणसं नाही, शब्द मोजत बसू.

माझ्या पिशवीत दीडशे मिलीची वाटी,
पाच चेहऱ्यांचं कार्ड,
रडक्यापासून हसऱ्यापर्यंत,
म्हणजे पूर्ण असहमतपासून पूर्ण सहमतपर्यंत,
आणि जिन्यात उभ्याने खायला दोन केळी.

वेसाव्यात हिरुबाय पाटीमागे बसलेली, हातात कोयती.
आठवड्यातून किती वेळा बाहेर खाता?
"मी बाहेरच असते गो बाय, पहाटेपासून.
घरात किती वेळा खाल्लं ते विचार,
बोटांवर सांगीन."
मी रकान्यात सात लिहिले.
खोटं नव्हतं. प्रश्नाचं उत्तरही नव्हतं.

भेंडी बाजारात तस्नीमकडे
एका थाळाभोवती आठ जण, आधी चिमूटभर मीठ.
मी वाटी काढली.
दवाखान्यातल्या बाटलीकडे बघावं
तशी ती वाटीकडे बघत राहिली.
तुमचा वाटा साधारण किती?
"माझ्यासमोरचा कोपरा.
धाकट्याला भूक जास्त असली की तोही सरकतो."
कोपऱ्याला मिली नसतात.
मी 'लागू नाही' वर खूण केली,
आणि जेवणाऱ्या बाईला जेवण लागू नाही
असं लिहून जिना उतरले.

प्रश्न चौदावा:
'स्वयंपाक हे माझ्यासाठी ओझं आहे.'

काळाचौकीला नरसव्वा गुंडेटी
चिंच कोळता कोळता हसली खळखळून,
ओल्या बोटाने पाचवा चेहरा दाखवला.
"ओझं नाही तर काय? सहा डबे, वर पोराचे नखरे."
कार्डावर चिंचेचा डाग पडला, अजून आहे.

दोन आठवड्यांनी तेच घर, तेच कार्ड.
तोच प्रश्न त्याच माणसाला पुन्हा विचारायचा,
उत्तर तेच आलं तर पट्टी खरी,
अशी रीत आहे आमच्यात.
मधल्या काळात पोरगा मस्कतला गेला होता,
डबे गुडघ्यांमुळे बंद केले होते.
नरसव्वाने कार्ड बराच वेळ हातात धरलं,
मग कोरड्या बोटाने पहिला चेहरा दाखवला.

पहिला म्हणजे रडका.
पहिला म्हणजे पूर्ण असहमत, ओझं अजिबात नाही.
ती वाक्याला उत्तर देत होती
की नुसतीच चेहरा दाखवत होती,
हे मला विचारता आलं नाही.
नियमात बसत नाही, प्रश्न समजावून सांगायचा नसतो.

ऑफिसात सर म्हणाले, ही बाई काढून टाक.
ती असली तर आकडा पॉइंट सहा एक,
काढली की पॉइंट सात शून्य.
सात शून्यला तिकडे चालतं.
त्यांनी काढली. माझ्यादेखत, एका बोटाने.
चिडायचं तरी कुणावर? सरांची मुलगीही परदेशी असते,
ते रात्री काय खातात, कुठल्या फॉर्मात नाही.

नियम बारावा:
उत्तर देणाऱ्याकडे काहीही खाऊ नये.

त्या दुपारी, कार्ड पिशवीत गेल्यावर,
नरसव्वाने विचारलं नाही, पान मांडलं.
भात, पच्चि पुलुसु, परतलेली सुकी मिरची.
"एकटीसाठी मूठ घ्यायला गेले
तर हात दोन घेतो अजून," म्हणाली.
मी मांडी घालून बसले.
किती खाल्लं ते सांगता येणार नाही,
वाटी पिशवीतच होती.
केळी तशीच घरी आली, काळी पडून.